टू-पोर्ट नेटवर्क आणि रेसिप्रोसिटी: पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

मी नाशिकला डिप्लोमा आणि डिग्रीच्या मुलामुलींना इलेक्ट्रिकल नेटवर्क, म्हणजे सर्किटचं गणित, शिकवते. सबमिशनची तारीख जवळ आली की रात्री साडेदहानंतर फोनवर वहीच्या पानांचे फोटो येऊ लागतात, आणि दर वर्षी प्रश्न बहुतेक तेच असतात. अधूनमधून सातपूर-अंबडच्या कारखान्यात टेस्टिंगला लागलेले जुने विद्यार्थीही विचारतात, त्यांचे प्रश्न जरा वेगळे. प्रश्न आले तसेच ठेवलेत. फक्त सुरुवातीचं ‘मॅडम, अर्जंट’ तेवढं काढलंय.

उदाहरणाला बहुतेक ठिकाणी एकच टी-नेटवर्क वापरलंय: डावा हात १०० ओहम, उजवा हात २२० ओहम आणि मधून खाली उतरणारा पाय ३३० ओहम. ही तिन्ही मूल्यं एमजी रोडच्या दुकानात सहज मिळतात. वाचता वाचता ब्रेडबोर्डवर लावून बघा.

१. चार टर्मिनल असलेलं कुठलंही सर्किट टू-पोर्ट म्हणायचं का?

नाही. टू-पोर्ट म्हणजे दोन पोर्ट असलेलं सर्किट; आत काय आहे ते न बघता त्याला आपण ‘डबा’ म्हणू. टर्मिनलची जोडी ‘पोर्ट’ कधी होते? एका टर्मिनलमधून जेवढा करंट आत जातो तेवढाच त्याच जोडीतल्या दुसऱ्यातून बाहेर येतो तेव्हा. डब्यातून चार वायरी बाहेर आल्यात एवढ्यावर ही अट पाळली जात नाही, ती बाहेरच्या जोडणीवरही अवलंबून असते. पुस्तकात ही ओळ पहिल्याच पानावर असते, म्हणून सगळे ती ओलांडून जातात आणि मग प्रश्न १२ मध्ये अडकतात.

२. एकाच डब्याला झेड, वाय, एच, एबीसीडी असे इतके सेट कशासाठी?

डब्याच्या बाहेर चारच गोष्टी मोजता येतात: पोर्ट १ चं व्होल्टेज आणि करंट (व्ही१, आय१) आणि पोर्ट २ चं व्होल्टेज आणि करंट (व्ही२, आय२). त्यातल्या दोन तुम्ही ठरवायच्या आणि उरलेल्या दोन डबा ठरवतो. हे नातं सांगणारे चार आकडे म्हणजे पॅरामीटरचा एक सेट. चारातून दोन निवडायचे सहा प्रकार होतात, म्हणून सेटही सहा. करंट ठरवले तर झेड, व्होल्टेज ठरवली तर वाय. आय१ आणि व्ही२ ठरवले तर एच, आणि त्याच्या उलट जी. पलीकडच्या टोकाचे दोन्ही घेतले तर एबीसीडी, आणि त्याचा उलटा सेट सहावा.

कुठला घ्यायचा हे जोडणीवरून ठरतं. डबे एकापुढे एक असतील तर एबीसीडीचे मॅट्रिक्स गुणायचे, समांतर असतील तर वायची बेरीज, सीरीजमध्ये असतील तर झेडची. सीरीजच्या बाबतीत प्रश्न १२ वाचल्याशिवाय बेरीज करू नका.

३. झेड पॅरामीटर काढायची सगळ्यात सोपी रीत कुठली?

समीकरणं ही दोन:

व्ही१ = झेड११ × आय१ + झेड१२ × आय२
व्ही२ = झेड२१ × आय१ + झेड२२ × आय२

पोर्ट २ उघडा ठेवला की आय२ शून्य होतो. आता आय१ सोडा. आपल्या टी-मध्ये तो १०० आणि ३३० मधून जातो, म्हणून झेड११ = ४३० ओहम. उजव्या हातातून करंटच नाही, तेव्हा २२० वर ड्रॉप नाही. पोर्ट २ वर ३३० चाच ड्रॉप दिसतो, म्हणून झेड२१ = ३३० ओहम. आता पोर्ट १ उघडा ठेवून उलट करा: झेड२२ = ५५०, झेड१२ = ३३०.

एवढंच आहे. टी दिसला की मेश समीकरणं मांडत बसू नका.

४. वाय१२ ऋण येतोय. माझं गणित चुकलं का?

चुकलेलं नाही. दोन्ही करंट ‘आत जाणारे’ धन मानायचे अशी रीत आहे. पोर्ट २ शॉर्ट करून पोर्ट १ ला व्होल्टेज दिलं की पोर्ट २ मधला करंट प्रत्यक्षात बाहेर येतो, म्हणून चिन्ह ऋण. आपल्या टी-चे आकडे: वाय११ = ४.३१, वाय२२ = ३.३७, वाय१२ = वाय२१ = −२.५९, सगळे मिलिसीमेन्समध्ये. (जुन्या मीटरवर, जुन्या शिक्षकांच्या तोंडी ‘म्हो’ सापडेल, एकक तेच.) एक सवय लावून घ्या: फक्त रेझिस्टरचं, खालची वायर दोन्हीकडे सामाईक असलेलं सर्किट असेल आणि वाय१२ धन आला, तर आधी चिन्ह तपासा.

५. एच पॅरामीटर ट्रान्झिस्टरलाच का चिकटलेत?

कारण ते मोजायला सोयीचे पडतात. ट्रान्झिस्टरच्या इनपुटचा इम्पीडन्स कमी, तिथे ठरावीक करंट देणं सोपं. आउटपुटचा जास्त, तिथे ठरावीक व्होल्टेज देणं सोपं. मल्टिमीटरवर ट्रान्झिस्टरचे पाय खुपसायचं गोल सॉकेट असतं ना, त्याच्याशेजारी लिहिलेलं एचएफई म्हणजे करंट गेन. एच२१ चाच तो भाऊ, फक्त सॉकेट डीसीवर मोजतं. साध्या छोट्या ट्रान्झिस्टरला तो शंभराच्या आगेमागे दिसतो, तर एच१२ असतो दहा-हजाराव्या भागाच्या पातळीवर. या दोन आकड्यांमधली दरी पाहिली की ट्रान्झिस्टर रेसिप्रोकल (अर्थ प्रश्न ६ मध्ये) का नाही ते वेगळं सांगावं लागत नाही.

६. रेसिप्रोसिटी एका वाक्यात सांगा. व्हायव्हाला विचारतात.

एका ठिकाणी व्होल्टेज सोर्स लावला आणि दुसऱ्या ठिकाणी करंट मोजला, मग सोर्स आणि अॅमीटर यांची अदलाबदल केली, तरी करंट तेवढाच येतो.

आकड्यात: आपल्या टी-च्या पोर्ट १ ला ५ व्होल्ट द्या, पोर्ट २ आदर्श अॅमीटरने शॉर्ट करा, १२.९३ मिलिअॅम्पिअर. जागा बदला, तरी १२.९३. याचं दुसरं रूप: पोर्ट १ मध्ये १० मिलिअॅम्पिअर सोडले तर उघड्या पोर्ट २ वर ३.३ व्होल्ट, आणि पोर्ट २ मध्ये तेवढेच सोडले तर पोर्ट १ वर ३.३ व्होल्ट.

अटी अशा: सर्किट लिनिअर हवं, सोर्स एकच हवा, आत दुसरा स्वतंत्र सोर्स नको. रेझिस्टर, कॉइल, कपॅसिटर आणि ट्रान्सफॉर्मर यांनीच बनलेलं असेल तर रेसिप्रोसिटी आपोआप मिळते.

७. इकडून तिकडे व्होल्टेज गेन ०.७७ येतो, तिकडून इकडे ०.६. मग नेटवर्क रेसिप्रोकल कसं?

हा माझा आवडता प्रश्न, कारण तो विचारणाऱ्याने खरंच मोजून बघितलेलं असतं.

आकडे बरोबर आहेत. पोर्ट १ ला व्होल्टेज दिलं तर पलीकडे ३३०/४३० भाग पोचतो, म्हणजे ०.७७. उलट दिलं तर ३३०/५५०, म्हणजे ०.६. आणि नेटवर्क तरीही रेसिप्रोकलच. व्होल्टेज देऊन व्होल्टेज मोजलं तर दोन्ही बाजूंना सारखं येईल, असं रेसिप्रोसिटीने कधी सांगितलेलंच नाही. तिचं वचन आहे ते व्होल्टेज देऊन करंट मोजण्याबद्दल, किंवा करंट देऊन व्होल्टेज मोजण्याबद्दल.

का, ते प्रयोगातूनच दिसतं. पहिल्या प्रकारात (व्होल्टेज द्या, करंट मोजा) सोर्स बंद केला की त्या जागी शॉर्ट राहतो, आणि आदर्श अॅमीटरही शॉर्टच. जागा बदलल्या तरी उरलेलं सर्किट तेच. पण व्होल्टेज सोर्स आणि व्होल्टमीटर यांची अदलाबदल केली की जिथे शॉर्ट होता तिथे ओपन होतं आणि ओपनच्या जागी शॉर्ट. म्हणजे तुम्ही दोन वेगळ्या सर्किटांची तुलना करताय.

तिसरं रूप मात्र आहे, आणि गंमतीचं आहे. उलट दिशेचा ओपन-सर्किट व्होल्टेज गेन ०.६. आता सरळ दिशेने करंट सोडा आणि पोर्ट २ शॉर्ट करून करंटचा किती भाग पलीकडे पोचतो ते बघा: ३३०/५५०, पुन्हा ०.६. एच१२ = −एच२१ म्हणजे नेमकं हेच.

८. रेसिप्रोकल आणि सिमेट्रिकल एकच ना?

नाही. सिमेट्रिकल म्हणजे डबा उलटा फिरवून लावला तरी बाहेरून फरक कळत नाही. रेसिप्रोकल ही त्याहून सौम्य अट आहे. आपला टी रेसिप्रोकल आहे (३३० = ३३०), सिमेट्रिकल नाही (४३० ≠ ५५०). २२० च्या जागी १०० लावा, दोन्ही होईल. सिमेट्रीच्या खुणा: झेड११ = झेड२२, वाय११ = वाय२२, ए = डी, आणि रेसिप्रोकल नेटवर्कात एचच्या मॅट्रिक्सचा डिटर्मिनंट १.

मोजणीत याचा थेट फायदा होतो. साधारण टू-पोर्टला चार मोजण्या लागतात, रेसिप्रोकलला तीन, सिमेट्रिकलही असेल तर दोन.

९. प्रत्येक सेटची रेसिप्रोसिटीची अट वेगळी आहे. पाठ कशी करू?

पाठ करायची झेडचीच: झेड१२ = झेड२१. बाकीच्या तिच्यातून निघतात. वायमध्ये वाय१२ = वाय२१. एच आणि जी मध्ये दोन्ही तिरके आकडे सारखे पण चिन्हं उलट. एबीसीडीमध्ये एडी − बीसी = १.

शेवटचं एकदा करून बघूच. आपल्या टी-साठी ए = ४३०/३३० = १.३०३, बी = ३८६.७ ओहम, सी = १/३३० सीमेन्स, डी = ५५०/३३० = १.६६७. एडी = २.१७१७, बीसी = १.१७१७. वजाबाकी बरोबर १. परीक्षेत एबीसीडी काढल्यावर ही वजाबाकी करायला अर्धं मिनिट लागतं, आणि तेवढ्यात गणिताची तपासणी होऊन जाते.

१०. माझं एडी − बीसी उणे १ येतंय. सर्किटमध्ये फक्त रेझिस्टर आहेत.

मग आय२ ची दिशा विसरलात. एबीसीडीमध्ये आय२ बाहेर जाणारा धरतात, कारण पहिल्या डब्यातून बाहेर पडलेला करंट पुढच्या डब्यात आत जावा आणि मॅट्रिक्स तसेच्या तसे गुणता यावेत. झेडमधला आत जाणारा आय२ तसाच उचलून आणला की बी आणि डी दोन्हीची चिन्हं फिरतात आणि उत्तर −१. दर वर्षी निदान दहा वह्यांत हे सापडतं. खरोखर −१ येणारं सर्किटही असतं, त्यासाठी प्रश्न १८.

११. लॅबमध्ये जागा बदलल्यावर करंट जुळत नाही. रेझिस्टर खराब आहेत का?

मी स्वतः विद्यार्थी असताना याच प्रयोगात दुकानदाराला दोष दिला होता आणि तीन रेझिस्टर बदलून आणले होते. फरक जसाच्या तसा राहिला. दुकानदार बिचारा निर्दोष होता. दोष मीटरचाही नव्हता, तो आदर्श मानणाऱ्या माझा होता.

साध्या डिजिटल मल्टिमीटरमध्ये २० मिलिअॅम्पिअरच्या पल्ल्यावर आत साधारण १० ओहमचा शंट असतो. मीटर पोर्ट २ ला लावला की उजवा हात २२० चा २३० होतो, करंट येतो १२.५१ मिलिअॅम्पिअर. मीटर पोर्ट १ ला नेला की उजवा पुन्हा २२० आणि डावा ११०, करंट १२.४०. दशांशातला फरक स्क्रीनवर स्पष्ट दिसतो. मग पोरं जर्नलमध्ये ‘मानवी चूक’ असं लिहून मोकळी होतात.

उपाय: सोर्सच्या बाजूला मीटरइतकाच, म्हणजे १० ओहमचा रेझिस्टर सीरीजमध्ये लावा. अदलाबदल करताना तोही मीटरच्या जुन्या जागी जाऊ द्या. आता दोन्ही वेळा हात ११० आणि २३० च राहतात. दोन्ही वेळा करंट १२.०० येतो, गणिताने नेमका १२. वर्गात हा आकडा स्क्रीनवर दोनदा आला की मागच्या बाकावरचेही पुढे येऊन बघतात.

त्यानंतरही फरक राहिला तर पॉवर सप्लाय लोडखाली खाली बसतोय का ते बघा. ५ व्होल्ट नॉबवरच्या खुणेने धरू नका, टर्मिनलवर मोजा. आणि मगरीच्या चिमट्यांवरचा गंज पुसा.

१२. दोन टी-नेटवर्क सीरीजमध्ये जोडली, झेडची बेरीज केली, पण मोजलेलं उत्तर वेगळं. का?

प्रश्न १ मधली पोर्टची अट मोडली म्हणून.

दोन सारखे टी घ्या, एक वर, एक खाली. वरच्या टी-ची खालची रेघ म्हणजे एक सरळ वायर आहे. सीरीज जोडणीत ती वायर खालच्या टी-च्या डाव्या आणि उजव्या वरच्या टर्मिनलना जोडली जाते. म्हणजे खालच्या टी-ची दोन्ही वरची टोकं एकमेकांना शॉर्ट! त्याचे १०० आणि २२० आता समांतर झाले: ६८.७५ ओहम. त्यात ३३० मिळवा, ३९८.७५.

बेरजेप्रमाणे झेड११ ८६० आणि झेड१२ ६६० यायला हवा होता. प्रत्यक्षात येतो ८२८.७५ आणि ७२८.७५. झेड१२ आणि झेड२१ अजूनही सारखेच आहेत बरं का. रेसिप्रोसिटी शाबूत आहे, मोडलाय तो फक्त बेरजेचा नियम.

खालचा टी उलटा करून त्याची सरळ वायर वर आणली की दोन्ही वायरी एकमेकींना लागतात आणि बेरीज बरोबर येते. जोडण्याआधी ही अट तपासायच्या पद्धतीला ब्रून टेस्ट म्हणतात. सामाईक ग्राउंडचे डबे समांतर जोडताना ही अडचण येत नाही. कॅस्केडमध्ये, म्हणजे डबे एकापुढे एक जोडतानाही नाही.

१३. डिपेंडंट सोर्स दिसला की ‘रेसिप्रोकल नाही’ लिहून टाकू का?

बहुतेक वेळा मार्क मिळतील, पण कारण चुकीचं असेल. उजव्या हातात ५० × आय१ एवढा डिपेंडंट व्होल्टेज सोर्स टाका: झेड२१ ३८० होतो, झेड१२ ३३० च राहतो. रेसिप्रोसिटी गेली. तोच सोर्स मधल्या पायात ठेवा आणि तो ५० × (आय१ + आय२) वर चालू द्या. आता तो ५० ओहमच्या रेझिस्टरसारखाच वागतो, दोन्ही आकडे ३८०. म्हणून आकडे काढून मगच लिहा.

१४. परीक्षेत ‘झेड पॅरामीटर अस्तित्वात नाहीत’ हे उत्तर चालतं का?

हो, आणि कधी कधी तेच बरोबर असतं. वरच्या रेघेत फक्त एक रेझिस्टर, मधे पायच नाही: पोर्ट २ उघडा ठेवला की करंटला वाटच नाही, म्हणून झेड नाही. मधे फक्त पाय, हात नाहीत: पोर्ट २ शॉर्ट केला की पोर्ट १ ही शॉर्ट, म्हणून वाय नाही. आदर्श ट्रान्सफॉर्मरला तर झेडही नाही आणि वायही नाही, कारण दोन्ही करंट एकमेकांना बांधलेले आणि दोन्ही व्होल्टेजही. त्याचा एबीसीडी मात्र सुंदर आहे: ए = एन, डी = १/एन, बी आणि सी शून्य. एडी = १, म्हणजे रेसिप्रोकल.

१५. रेसिप्रोकल आहे पण एबीसीडी निघत नाही, असं होतं का?

होतं. चारही हात सारखे असलेला लॅटिस, म्हणजे समतोल ब्रिज घ्या. पलीकडे काहीच पोचत नाही, झेड२१ = झेड१२ = ०. एबीसीडी काढताना झेड२१ ने भागावं लागतं, तिथे अडतं. शून्य बरोबर शून्य, म्हणून रेसिप्रोकल आहेच.

१६. समतुल्य टी काढला तर एक कॉइल ऋण आली. उत्तर खोडू का?

खोडू नका. रेसिप्रोकल नेटवर्कचा टी असा बनतो: डावा हात झेड११ − झेड१२, उजवा झेड२२ − झेड१२, पाय झेड१२. एकमेकींशी जोडलेल्या दोन कॉइल, ४ आणि २५ मिलिहेन्री, म्युच्युअल ९ मिलिहेन्री असेल तर डावा हात उणे ५ मिलिहेन्री येतो. दुकानात अशी कॉइल मागू नका, पण कागदावर तो टी पोर्टच्या बाहेरून तंतोतंत बरोबर वागतो.

१७. पॉवरवाल्यांना याचा काय उपयोग? आम्ही तर लाईनवर काम करतो.

नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रात २१० मेगावॅटचे तीन संच आहेत. तिथून निघणारी प्रत्येक वाहिनी कागदावर टू-पोर्टच असते, आणि तिथे एबीसीडीशिवाय दुसरी भाषा कोणी बोलत नाही. ८० किमीपर्यंतची लाईन छोटी, त्यापुढे साधारण २५० किमीपर्यंत मध्यम, असं पुस्तकं धरतात. मध्यम लाईनच्या पाय (π) मॉडेलमध्ये ए = डी = १ + झेडवाय/२, बी = झेड, सी = वाय (१ + झेडवाय/४). इथे झेड म्हणजे लाईनचा एकूण सीरीज इम्पीडन्स आणि वाय म्हणजे एकूण शंट अॅडमिटन्स, पॅरामीटर नव्हेत. गुणून बघा, एडी − बीसी पुन्हा १.

समजा नाशिक-पुण्याएवढी, २०० किमीची २२० केव्हीची लाईन आहे. रेझिस्टन्स सोडून देऊ. किलोमीटरला ०.४ ओहमचा रिअॅक्टन्स आणि २.८ मायक्रोसीमेन्सचा ससेप्टन्स धरला तर ए = ०.९७८ येतो. पलीकडचं टोक उघडं असेल तर तिथलं व्होल्टेज २२० भागिले ०.९७८, म्हणजे २२५ केव्ही. पाठवलं त्याहून जास्त! हाच फेरांटी इफेक्ट. रात्री लोड उतरला की रिअॅक्टर (लाईनला जोडायची मोठी कॉइल) का चालू करतात, ते या एका भागाकारात आहे.

१८. पॅसिव्ह असूनही रेसिप्रोकल नसलेलं काही असतं का?

असतं. मॅग्नेटने बायस केलेला, म्हणजे एका दिशेने चुंबकित ठेवलेला फेराइट घेऊन सर्क्युलेटर आणि आयसोलेटर बनवतात. मायक्रोवेव्हमध्ये ते एका दिशेने सिग्नल जाऊ देतात आणि उलट दिशेने अडवतात, तेही बॅटरीशिवाय.

या जातीचा आदर्श घटक म्हणजे जायरेटर. नेदरलँड्सच्या बर्नार्ड टेलेजेन यांनी तो १९४८ मध्ये मांडला. त्याचा झेड११ आणि झेड२२ शून्य, आणि झेड१२ = −झेड२१. एबीसीडीमध्ये ए आणि डी शून्य, बी = आर, सी = १/आर, म्हणून एडी − बीसी खरोखर −१. प्रश्न १० मध्ये राखून ठेवलेलं सर्किट ते हेच.

आदर्श जायरेटर ऊर्जा खात नाही, देतही नाही. त्याच्या पोर्ट २ ला कपॅसिटर लावला तर पोर्ट १ वर तो कॉइलसारखा दिसतो, एल = आर² × सी. आर १००० ओहम आणि सी १ मायक्रोफॅरड घेतलं तर बरोबर १ हेन्री. एक हेन्रीची खरी कॉइल हातात घेतली तर वजन कळेल. ऑपअॅम्प वापरून केलेला जायरेटर ब्रेडबोर्डच्या एका कोपऱ्यात बसतो, फक्त मग त्याला सप्लाय द्यावा लागतो.